बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

रावेरहून मुक्ताईनगर दूर नाही, आणि मुक्ताबाईच्या समाधीकडे पायी निघालेल्या माणसाला श्रद्धा म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा विषय निघाला की मात्र आपल्याकडील सुशिक्षितांच्याही मनात सातबाऱ्यावरील फेरफार उभा राहतो: जुने नाव खारीज झाले, नवे दाखल झाले आणि प्रकरण निकालात निघाले. ही समजूत केवळ बाहेरच्यांची असती तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु बाप्तिस्म्याच्या नोंदीवर विसंबून राहणारे ख्रिस्ती जनही थोडे नाहीत, आणि त्यांना सर्वांत परखड उत्तर महाराष्ट्रातीलच एका विदुषीने आपल्या आयुष्याने दिले आहे.

पंडिता रमाबाई या पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. व्रते, दाने, उपवास आणि तीर्थयात्रा यांत त्या कुटुंबाने कसलीही कसूर केली नव्हती. तरीही १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण एकामागून एक गेली, आणि भाऊ श्रीनिवास याच्यासह देशभर पायपीट करता करता या मुलीचा देवांवरील भरवसा ढळला. पुढे कलकत्त्यात पांडित्याचा गौरव, विवाह, अल्पकाळात वैधव्य, आणि १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा. चरित्रकार येथे सुटकेचा निःश्वास टाकतात. रमाबाई टाकीत नाहीत. आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, ख्रिस्ती धर्म आपल्याला लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, आणि त्यासाठी आणखी आठ वर्षे जावी लागली.

हा कबुलीजबाब मला मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील अत्यंत मोलाचा वाटतो. कारण ती आठ वर्षे रिकामी नव्हती. त्या काळात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर आपल्या इंग्रज गुरुजनांशी निर्भीड वाद घातला, अमेरिकेत व्याख्याने दिली, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. सिद्धांत पारखून झाला होता, सेवा चालू होती, कीर्तीही होती. उणीव होती ती स्वतःला संपूर्णपणे दुसऱ्याच्या हवाली करण्याची. बालपणीची व्रते, तारुण्यातील विद्या आणि नंतरचे लोकहित या सर्वांत पुण्याचा हिशेब अखेर ज्याचा त्याच्याच हाती राहतो. ख्रिस्ती श्रद्धा तो हिशेबच काढून घेते, आणि कर्तबगार माणसाला याहून अवघड काही नसते.

कोणी म्हणेल, मग सत्कर्माला काय अर्थ उरला? पौल आणि याकोब यांच्या पत्रांपासून ल्यूथरपर्यंत हा तंटा चालत आला आहे, त्याच्या तपशिलात मी शिरत नाही; उत्तर रमाबाईंच्या पुढील आयुष्यातच आहे. त्यांच्या सदनाला अमेरिकेतून मिळणाऱ्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपत आली असतानाच, १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या आणि केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. हिशेबी माणसाने त्या वर्षी सदनाचा एक दरवाजा उघडण्याऐवजी दोन लावून घेतले असते.

श्रद्धा वारसाने किंवा विवाहानेही मिळत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दुरावल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, आणि जातिभेद ईश्वराने नव्हे तर माणसाने केला हे स्वतःच्या मनाला पटेपर्यंत पतीच्या श्रद्धेवर उधारीने जगण्याचे त्यांनी नाकारले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. ती पाच वर्षे टिळकांनी सोसली, हे त्यांच्या कवित्वाहून मला कमी वाटत नाही.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या याच टिळकांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे मज्जाव नव्हता. मिशनच्या पैशाविना आपली उपासना चालेल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला तेव्हा त्यांचे आयुष्य दोन वर्षेच उरले होते. भुसावळपासून नवापूरपर्यंतच्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तोच प्रश्न आपापल्या सभेत विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी माझी विनंती आहे.