रुमालाखालची बोली

‘दुकानदारांना जाहिरात करायला कोणी अडवले आहे?’ ऑनलाइन खरेदीच्या वादातला हा प्रश्न या आठवड्यात मला तीन ठिकाणी ऐकावा लागला, आणि तिन्ही ठिकाणी तो विचारणाऱ्याच्या मुद्रेवर, जुनाट खटल्याचा निकाल एका वाक्यात लावून टाकल्याचे समाधान विलसत होते. 22 सप्टेंबर 2025 च्या जीएसटी कपातीचे नगारे ऐन घटस्थापनेला झडले आणि काय काय स्वस्त झाले त्याच्या याद्या आपण आरत्यांप्रमाणे पाठ केल्या. त्याच हुकमाने घरपोच सेवेवरील 18 टक्के कर ऑनलाइन कंपन्यांकडून वसूल व्हावयाचा आहे, ही ओळ मात्र यादीच्या तळाशी राहिली. ‘मोफत’ या शब्दाशी माझे जुने वैर आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे. जी पोहोच मोफत होती तिच्यावरील 18 टक्के म्हणजे शून्याचे 18 टक्के. तेवढ्याने एकाही कंपनीच्या ललाटावर आठी पडावयास नको होती. ती पडली, तेव्हा मोफतीचे मोल काय ते समजावे.

वेळ वाचतो, स्वस्त पडते, पोरांना काम मिळते, ही समर्थने आहेतच; त्यांत थोडे तथ्यही असेल, आणि वाचलेल्या वेळात लोक काय करतात हे पाहिलेले असल्यामुळे त्यांवर मी अधिक लिहीत नाही. परंतु जाहिरातीचा युक्तिवाद असा सोडून देण्याजोगा नाही.

जालन्याच्या काद्राबादेत माझ्या परिचयाचे एक वस्त्रव्यापारी आहेत. आजोबांनी घातलेल्या गादीवरची त्यांची तिसरी पिढी. त्यांच्या चिरंजीवाने एके दिवशी दुकानाचे नाव फोनवर शोधले, तो पहिल्या ओळीत कोण्या परगावच्या कंपनीच्या साड्या अवतीर्ण झाल्या आणि वडिलांचे दुकान तिच्याखाली. चौकशीअंती कळले ते असे, की दुसऱ्याच्या नावावर बोली लावणे या बाजारात गैर समजले जात नाही; आपल्या नावाच्या शोधात आपणच अग्रस्थानी असावे अशी इच्छा असल्यास, आपल्याच नावावर आपण चढी बोली लावावी. निजामी अमलात करोडगिरीच्या नाक्यावर मालाला महसूल द्यावा लागे, पेठेत मोहतर्फा द्यावा लागे, आणि नाकेदाराची चिरीमिरी निराळी. पण आपल्याच गल्लीत आपले नाव ऐकू यावे म्हणून रक्कम भरण्याचा प्रघात करोडगिरीलाही सुचला नव्हता.

कल्पना करा, की कुंडलिकेच्या पुलावर एक सद्गृहस्थ उभे आहेत, आणि जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते अदबीने ‘कोणीकडे निघालात?’ म्हणून विचारत आहेत. ‘अमक्यांच्या दुकानी, लुगडे घ्यायला,’ असे उत्तर मिळताच ते चारी दिशांना तोंड करून पुकारतात, ‘हे गिऱ्हाईक कोणाकडे वळवू, बोला!’ आणि ज्याच्या दुकानी तो मनुष्य स्वतःच्या पायांनी निघालेलाच होता, त्या दुकानदाराकडूनही पैसे घेऊन, ‘जा बाबा, सरळ जा,’ एवढे वाक्य उच्चारतात. दुकानदाराने याबद्दल कपाळाला हात लावला, तर पुलावरचे गृहस्थ आश्चर्याने विचारतात, ‘तुम्हांला कोणी अडवले आहे? बोला की तुम्हीही!’

हर्राशी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मोसंबीच्या ढिगाभोवती उभे राहून चढत्या आवाजात पुकारलेला भाव आपण सर्वांनी ऐकला आहे. परंतु पूर्वी खरेदीदाराची आणि अडत्याची बोटे रुमालाखाली एकमेकांशी बोलत, माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या हलणाऱ्या रुमालाकडे पाहत राही, आणि त्याला भाव कळे तो सौदा आटोपल्यावर. हा रुमाल दूर करण्यासाठी बाजार समित्यांना नियम करावे लागले, बोली उघड झाली पाहिजे असा दंडक घालावा लागला. आता तोच रुमाल सेकंदाच्या अंशात पसरला आणि उचललाही जातो. दुसऱ्याची बोली किती, ती लावणारा कोण, यातले काहीही आमच्या वस्त्रव्यापाऱ्यांना दिसत नाही, त्यांना दिसतो तो खात्यातून गेलेला आकडा. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने 17 एप्रिल 2025 रोजी, संकेतस्थळांवरील जाहिरातींच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निर्णय दिला. जाहिरातीची जागा विकणाऱ्याचे साधनही त्याच कंपनीचे, आणि लिलावाचा चौथराही तिचाच. आपल्याकडे परदेशी कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या रकमेवर 2016 पासून 6 टक्के आकारणी होती, ती त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस उठली. तिच्या उठण्याने काद्राबादेतील बोली किती उतरली, हे अद्याप कोणाच्या अनुभवास आलेले नाही.

जेवण घरपोच देणाऱ्या कंपन्यांपायी खानावळवाल्यांना होणारे दुःख याच जातीचे आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. पूर्वी हुंडेकरी वाटेतल्या साऱ्या जकाती आपल्या शिरावर घेऊन एकरकमी भाडे ठरवी, आणि ते ठरले की ठरले. आता दलाली वेगळी, जाहिरात वेगळी, आणि 2023 साली 2 रुपयांनी लाजत लाजत सुरू झालेले ‘प्लॅटफॉर्म’ शुल्क दोन अंकी होऊन गिऱ्हाइकाच्या बिलात बसलेले आहे. उपाहारगृहांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला तो 2022 च्या एप्रिलात. चौकश्यांना घाई नसते.

आमचे व्यापारी साधुपुरुष आहेत असे माझे म्हणणे नाही. उधारीच्या वहीत शून्य वाढविणारे मी पाहिले आहेत, आणि सणाच्या तोंडावर साखर गायब करणारेही. तथापि दुर्गोत्सवाची वर्गणी मागावयास मंडळाची पोरे ज्या ओट्यावर जाऊन बसतात, आणि घरी कोणी आजारी पडले असता या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात द्या असे जेथे ऐकावयास मिळते, तो ओटा फोनमध्ये कोठे आहे, हे पुलावरच्या गृहस्थांनी मला एकदा दाखवावे.

अर्थात मीही शुद्ध नाही. गेल्या महिन्यात एक विजेरी सूनबाईंच्या हस्ते मागविली; विजेरी वीतभर, खोके हातभर, आणि त्यात फुग्यांच्या प्लास्टिकचे दोन वाव. सुतळीचा एक धागा नव्हता. बांधून दिलेल्या पुडीची सुतळी सोडवून तिची गुंडाळी करून ठेवणे हा ज्या घरात संस्कार होता, त्या घरात त्या प्लास्टिकचे करावयाचे काय, यावर आमच्याकडे दोन दिवस खल झाला आणि शेवटी ते नातवाने फोडले. विजेरी चांगली निघाली, हे नाइलाजाने नमूद करतो.

राहता राहिली एक गोष्ट. घटस्थापनेच्या आठवड्यात याच वृत्तपत्राचे पहिले पान एका ऑनलाइन महाविक्रीला अर्पण झालेले होते. संपादकांना त्याविषयी मी काही विचारलेले नाही, कारण मग या स्तंभाचे मानधन कोठून येते हेही विचारणे प्राप्त झाले असते. परवा आमच्या वाण्याने त्याच पानात पाव किलो जिरे बांधून दिले. कागद गुळगुळीत, गाठ काही केल्या बसेना. तेव्हा त्याने सुतळीचा आणखी एक वेढा घातला.