कडीपाट राखायचा कोणी?

नाशिकच्या जुन्या गावठाणातल्या वाड्यांत आजही कितीतरी भाडेकरू लाकडी जमिनीवर संसार करतात. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर, असा हा कडीपाट. फरशीला झाडूपोछा पुरतो, लाकडाला मात्र सतत लक्ष लागतं. कौलं सरकली की पाणी भिंतीत मुरतं आणि तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक आतून कुजू लागतं. वरून सगळं धडधाकट दिसतं. ठोकून पाहिलं तरच बद्द आवाज येतो.

हे ठोकून पाहायचं कोणी? भाड्याच्या घराचा खरा प्रश्न मला इथे दिसतो.

१९४७च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४०चं भाडं प्रमाण मानलं. घरटंचाईच्या त्या काळात असंख्य कुटुंबांचा निवारा त्यामुळे टिकला; त्याचं मोल मोठं आहे. पण महागाई वाढत गेली आणि भाडं जागच्या जागी राहिलं. एक तुळई बदलण्याचा खर्च कित्येक वर्षांच्या भाड्याला भारी पडू लागला, तसं अनेक मालकांनी वाड्याकडे पाहणंच सोडलं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकावर ठेवली. नोटीस देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. जिथे महिन्याचं भाडंच शे-दोनशे रुपये, तिथे या हिश्शात सागाची एक फळीही येत नाही. मग पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि तरीही वाडे पडतात.

गंगापूर रोडवरच्या नव्या फ्लॅटमध्ये चित्र उलटं आहे. तिथे लाकडी लॅमिनेटची जमीन असली, तरी करार अकरा महिन्यांचा. मुदतीनंतर जागा सोडली नाही तर दुप्पट शुल्क. पोछ्याचं पाणी सांध्यात शिरून पट्टीची कड फुगते. भाडेकरूला ती दिसते, पण डिपॉझिट कापलं जाईल या धास्तीने तो बोलत नाही. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेच ठाऊक नसलेल्या माणसाकडून जिव्हाळ्याची अपेक्षा कशी करायची?

एकीकडे राहण्याची हमी होती, पण दुरुस्तीला पैसा नव्हता. दुसरीकडे पैसा आहे, पण हमी नाही. घर राखायला दोन्ही लागतात. म्हणून करार निदान पाच वर्षांचा असावा, भाडेवाढ आधीच ठरलेली असावी, आणि दरवर्षी मृगाआधी मालक-भाडेकरूंनी मिळून घर तपासावं, दुरुस्तीचा खर्च कोणाचा हे तिथेच लिहून ठेवावं. जो राहतो त्याला दोष आधी कळतो, जो मालक आहे त्याला तो दुरुस्त करता येतो. या दोघांना एकमेकांची भीती वाटणार नाही असा करार करणं आपल्या हातात आहे.