चाळीस वर्षांची नोंद

कोविडच्या घरगुती टेस्ट किटवर उमटणारी लालसर रेघ आठवते? बऱ्याच किटमध्ये ती रेघ सोन्याची असते. खरंखुरं सोनं, पण कण इतके बारीक की पिवळा रंग जाऊन माणकासारखा लाल दिसतो. एका मीटरचे अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि हे कण जेमतेम काही दहा नॅनोमीटरचे.

वस्तू तीच, आकार बदलला की स्वभाव बदलतो. नॅनोमटेरियलचं कौतुक आहे ते यामुळेच. मला छळणारा प्रश्नही यातूनच निघतो.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या पानांचा अर्क वापरून सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण तयार केले. भट्टी नाही, जहाल रसायन नाही, आपण सर्दी झाल्यावर उकळतो तो गवती चहा! हे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषून घेतात. अशा कणांना तापवून कर्करोगाची गाठ जाळता येईल का, यावर जगभर काम सुरू आहे. २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा विजेशिवाय चालणारा फिल्टर आला. त्यात भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण होते, किंमत हजार रुपयांच्या आत. इलेक्ट्रिक गाड्यांमधल्या एलएफपी बॅटरीचंही तसंच. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून वीज नीट वाहत नाही. त्याचे कण अतिसूक्ष्म केले, वर कार्बनचा पातळ थर दिला, तेव्हा कुठे ते कामाचं झालं.

आता दुसरी बाजू. २००८ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी कार्बन नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडून पाहिल्या. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी फारसं काही झालं नाही. लांब, सरळ नळ्यांनी मात्र ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखीच सूज आणि गाठी निर्माण केल्या. दोन्हीकडे कार्बनच.

ॲस्बेस्टॉसचं नाव इथे उगाच आलेलं नाही. तेही एकेकाळचं अद्भुत मटेरियल होतं: जळत नाही, गंजत नाही, स्वस्त. त्याचा तंतू फुप्फुसात गेला तर त्या दिवशी काहीच होत नाही. आजार उगवतो वीस, तीस, चाळीस वर्षांनी. तोवर कंपनी बंद झालेली असते, मुकादम वारलेला असतो आणि कामगार गावी परतलेला असतो. अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्याचे सिमेंटचे पत्रे अजून बनतात आणि विकले जातात.

मी राहतो ते चिंचोटी बाहेरच्यांना धबधब्यामुळे माहीत आहे. पावसाळ्यात रीलमध्ये दिसतं तेच. उरलेले आठ महिने इथे हायवे, कामण-भिवंडी रस्त्यावरचे ट्रक आणि वसई पूर्वेला पसरलेले गाळे. प्लास्टिक, रबर, रंग, पॅकेजिंग. नॅनो म्हटलं की आपल्याला काचेची लॅब आणि पांढरे सूट आठवतात. पण प्लास्टिकला आणि रबराला काळं करणारी कार्बन ब्लॅकची पूडही नॅनो आकाराच्याच कणांची बनलेली असते. रंगातली पांढरी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घ्या. तिचा काही भाग नॅनो आकाराचा असू शकतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ती खाण्याच्या पदार्थांतून काढून टाकली. खाण्यातल्या धोक्यावरून श्वासातला धोका ठरत नाही, हे मान्य. पण दोन्ही पुडी गोणीतून येतात, आणि गोणी कोणीतरी हातानेच उघडतो.

माझा प्रश्न त्या हाताबद्दल आहे. नॅनोकणांचं औषध पेशंटवर तपासायचं असेल तर त्याला समजावून सांगावं लागतं, त्याची लेखी संमती घ्यावी लागते. अशा औषधांच्या मूल्यमापनासाठी आपल्याकडे २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. नवीन पूड हॉपरमध्ये ओतणाऱ्या हेल्परला मात्र कोण विचारतं? तोही प्रयोगाचाच भाग आहे. फरक इतकाच की त्याच्या प्रयोगाचा निकाल कोणी लिहून ठेवणार नाही.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ च्या पुस्तकात म्हटलं होतं की तंत्रज्ञानाचा हात लांबला, म्हणून जबाबदारीही न जन्मलेल्या माणसांपर्यंत लांबते. अशा वेळी चांगल्या भाकितापेक्षा वाईट भाकिताला जास्त वजन द्यावं. मला पहिला भाग पटतो, दुसरा अर्धाच. वाईट भाकितालाच वजन देत बसलो तर स्वस्त फिल्टर थांबतो, आणि तो थांबल्याची किंमत बाटलीबंद पाणी पिणारा माणूस मोजत नाही.

मग थांबायचं नसेल तर काय करायचं? एक उत्तर आपल्याच सुप्रीम कोर्टाने देऊन ठेवलंय. २७ जानेवारी १९९५ रोजी, ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवा, असा तो आदेश आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हरचे लॉग किती दिवस ठेवायचे यावर आमच्याकडे मीटिंगा होतात, आणि सहसा तीस किंवा नव्वद दिवसांवर मिटतं. चाळीस वर्षं हा आकडा वाचून मी थबकलो. आजार जितका सावकाश येतो तितकी नोंद टिकली पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यात आहे. विज्ञानाला आज उत्तर माहीत नसेल तर उद्या उत्तर शोधणाऱ्याला पुरावा सापडायला हवा. आज अजाणता राहणं माफ करता येईल, पण उद्याही अजाणता राहण्याची सोय करून ठेवणं नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. नोंद म्हणजे मास्क नव्हे. वहीत नाव लिहिलं की मालकाला मोकळीक, असंही होऊ शकतं. त्यामुळे धूळ ओढणारा पंखा, बंद हॉपर, चांगला मास्क हे आधी. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: वही ठेवणार कोण? चाळीस वर्षं टिकणारे गाळे मी फारसे पाहिलेले नाहीत. बोर्ड बदलतात, ठेकेदार बदलतो, माणूस सुरतेला नाहीतर गोरखपूरला निघून जातो. फ्रान्समध्ये २०१३ पासून नॅनोमटेरियल बनवणाऱ्यांना, आणणाऱ्यांना आणि वितरित करणाऱ्यांना त्याची दरवर्षी सरकारकडे नोंद करावी लागते. चांगलं आहे, पण ती मालाची नोंद. माणसाची नव्हे.

आमच्या धंद्यात याला चुकीची की निवडणं म्हणतात. नोंद कंपनीच्या नावाला बांधली तर कंपनीबरोबर मरते. माणसाला बांधली तर त्याच्याबरोबर फिरते. पीएफने हे करून दाखवलंय. २०१४ पासून यूएएन नंबर एकच राहतो, नोकरी कितीही वेळा बदला. पैशांचा हिशेब कामगाराबरोबर चिंचोटीहून गोरखपूरला जातो. त्याच नंबरवर ‘या वर्षी या पुडीजवळ काम केलं’ अशी एक ओळ चढवायला तांत्रिक अडचण काहीच नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

अडचण दुसरीच आहे. पीएफ सक्तीचा होतो तो साधारणपणे वीस कामगारांपासून पुढे. सात-आठ जणांच्या गाळ्यात गोणी उघडणाऱ्याकडे बहुधा तो नंबरच नसतो.