मनातला भाव

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वर्षातून दोनदा तरी मोठा निर्णय घ्यावा लागतो. जूनमध्ये पेरायचे कधी, आणि दिवाळीच्या आगेमागे विकायचे कधी. पैकी पहिला निर्णय पूर्वी फारसा माणसाच्या हातात नसे. मृग निघाला की चाड्यावर मूठ धरायची; नक्षत्राचे वाहन बेडूक की मोर, यावर पावसाचा होरा बांधायचा. ही रीत हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण तिची एक सोय होती. पेरा फसला तर दोष घरातल्या कोणाच्या माथी येत नसे. आता ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा सल्ला कृषी विभाग आणि परभणीचे कृषी विद्यापीठ देतात. मोजमाप आले तसा निर्णय माणसाकडे आला आणि दुबार पेरणीची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडली.

अनिश्चिततेचे गणित मांडण्याची सुरुवात जुगारापासून झाली. अर्धवट सुटलेल्या डावाचे पैसे कसे वाटावेत, यावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा पत्रव्यवहार झाला. किती मिळेल आणि ते मिळण्याची शक्यता किती, यांचा गुणाकार करावा व ज्याची बेरीज जास्त तो पर्याय निवडावा, असा हिशेब त्यातून पुढे रूढ झाला. १७३८ मध्ये गणितज्ञ डॅनियल बर्नूलीने एका निबंधात त्यातली उणीव दाखवली. हजार रुपये सर्वांना सारखे नसतात. ज्याच्या डोक्यावर बियाण्या-खताची उधारी आहे, त्याला आज हाती येणारे चार हजार हे पुढे कदाचित मिळणाऱ्या सहा हजारांपेक्षा मोलाचे असू शकतात. अशा माणसाने लगेच माल विकला तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याच निबंधात बर्नूलीने आणखी एक गोष्ट सांगितली: सगळा माल एकाच जहाजात भरू नये. त्याने सोयाबीनचे नावही ऐकले नसणार. पण लातूरच्या शिवारात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ असते, ती हाच विचार मातीत उतरवते. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते. तूर खोल मुळांवर पावसाचा खंड सोसून जानेवारीपर्यंत उभी राहते. नांदेडच्या किनवट-भोकर पट्ट्यात कापूस आणि सोयाबीन यांत रान वाटून देतात, त्यामागचे शहाणपणही हेच.

तरीही हा सारा हिशेब माणसाला सगळे माहीत आहे असे गृहीत धरतो. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात त्या गृहीतकालाच हात घातला. पुढे १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वेळ, माहिती आणि डोके या तिन्हींना मर्यादा असते, म्हणून माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसे चांगले दिसले की थांबतो. लातूरच्या आडत बाजारात हे रोज दिसते. खरेदीदार मूठभर दाणे हातावर घेतो, मालात हवा, म्हणजे ओलावा, जास्त आहे म्हणतो, भाव बोलतो. बाहेर टेम्पोचे भाडे चढत असते, आणि माल परत न्यायचा तर हमालीही पुन्हा पडते. तिथे चार बाजारांची तुलना करायला कोणाला सवड?

कानेमन आणि त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७९ मधला सिद्धान्त मात्र सोयाबीनवाल्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. माणूस फायदा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनात ठरलेल्या आकड्यापासून मोजतो. आणि त्या आकड्याखालची घट त्याला तेवढ्याच वाढीपेक्षा जास्त बोचते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीनने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल येईतो भाव जवळपास निम्म्यावर आला. दहा हजार हा आकडा मनात राहिला तो राहिलाच. त्या हंगामात जे थांबले, त्यांना २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत सात हजारांच्या आसपास भाव मिळालाही. पुढच्या वर्षी त्याच भरवशावर माल घरात राहिला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात भाव पाच हजारांच्या खाली गेला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजार त्याच्याही खाली होता.

पहिल्या वर्षी थांबणारे शहाणे आणि दुसऱ्या वर्षीचे लोभी, असा निवाडा गावात झटकन होतो. तो चुकीचा आहे. निकालावरून निर्णयाची पारख करण्याची ही खोड बॅरन आणि हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिली. दोन्ही वर्षी निर्णय एकच होता आणि पुढचा भाव दोन्ही वर्षी कोणालाच ठाऊक नव्हता. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी काय माहीत होते, देणे किती होते, आणि थांबण्याला काही मुदत ठरली होती का?

मुदतीचा मुद्दा महत्त्वाचा, कारण ओढगस्तीत डोकेही नीट चालत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतले ऊस उत्पादक हंगामाआधी, हात आखडलेला असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले. ऊस गेल्यावर तेच शेतकरी सरस ठरले. म्हणून विक्रीचे टप्पे आणि किमान भाव काढणीआधीच, डोके शांत असताना, वहीत लिहून ठेवणे बरे. थांबायचेच असेल तर कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे: बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस.