नंतर होईल

दिवाळीत आखातात निघालेल्या माणसाच्या सामानात अनारसे असतातच, आणि अनारशांना खसखस. ती अफूच्या बोंडातली, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदीत तिला बंदी आहे; सिंगापुरातही. डबा भरणाऱ्या आईच्या मनात पाप नसतं, पण कस्टमवाल्याला मनाशी कर्तव्य नसतं, पिशवीशी असतं. २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याच्या विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्या बाईनं सोबत दिलेल्या सामानात चार किलो चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, मूल कैदेतच जन्मलं, सुटका २०२१ मध्ये. आत्यानं-मावशीनं दिलेलं पुडकं उघडून बघणं हा आपल्याकडे उद्धटपणाच ठरतो ना!

‘तिथला कायदा आधी माहीत करून घ्या’ असं सगळेच सांगतात. उपदेश खोटा नाही, अपुरा आहे. कारण जाणारा माणूस कायद्याची एक शिकवणी इथेच पुरी करून निघालेला असतो.

मनवेलपाड्यात किंवा विरार पूर्वेत कुठेही पागडीला पैसे नाहीत, चाळ नको, म्हणून कुणी वन-रूम-किचन बघायला जातो. कागद मागतोही. उत्तर मिळतं, ‘ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) येईल नंतर, काळजी करू नका.’ मग मीटर बसतो, घरपट्टीची पावती हातात पडते. सरकारच पैसे घेतंय म्हटल्यावर घर बेकायदा कसं असेल? ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजयनगरात रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसं गेली. ती इमारतही अनधिकृतच होती. त्याआधी नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या. तरी ‘पुढेमागे नियमित होईल’ हा भरवसा काही ढळत नाही. त्याला बेफिकिरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं; बहुतेकांना परवडणारं दुसरं घरच नसतं.

हाच माणूस एजंटपुढे बसतो तेव्हा ऐकतो, ‘आधी व्हिजिटवर जा, व्हिसा कंपनी नंतर करून देते.’ वाक्य ओळखीचं असतं, म्हणून खरं वाटतं. वास्तविक १९८३ चा उत्प्रवास कायदा अशांसाठीच आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं; १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत हवा आणि त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याहून जास्त नाही. व्हिजिट व्हिसाच्या वाटेनं हे सगळं बाजूला पडतं. पण दुबईत साइटवर धाड पडली की बेकायदा कामाचा दंड आणि हद्दपारी कामगाराच्या नावावर. अरबीतला कागद त्याला वाचता येत नाही, आणि इथला एजंट फोन उचलत नाही. गुन्हा मात्र दोघांनी मिळून केलेला असतो, पैसे एकानं घेऊन.