दुःखाला तोंडीलावणं

संकट आलं की माणसाची खरी परीक्षा होते, असं म्हणतात. माझीही होते. फक्त ती फडताळापाशी होते.

नोकरीत असताना साहेबांनी मेमो दिला, की घरी येऊन माझा हात शेवेच्या डब्याकडे जायचा. मुलाचा ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, की चकली. बँकेचं पत्र आलं, तर ते फोडण्याआधीच शेंगदाण्याचा लाडू. आणि एक हात असा गुंतला, की दुसरा रेडिओच्या बटणाकडे. आता निवृत्तीनंतर मेमो देणारं कोणी उरलेलं नाही; ते काम रक्ता-लघवीचे रिपोर्ट करतात. आमच्या हिला तर मला काही विचारावंच लागत नाही. झाकण किती वेळा वाजलं, यावरून ती साखरेचा आकडा ओळखते.

हे झालं गमतीचं. पण एक प्रश्न मला बरीच वर्षं खुपतो आहे. आपलं माणूस यातनेत असताना आपण आपल्या जिवाची अशी सोय लावून घ्यावी का? जो अशा वेळी खातो आणि गाणं ऐकतो, त्याची माया कमी पडते का?

प्रश्न उपटला तो १९८६ साली. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. बाहेरच्या बाकावर मी आणि थोरला भाऊ नाना. नानाने आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर एकादशी आणि श्रावणी सोमवार एकाच दिवशी आल्यासारखं वाटत होतं. काळजी मलाही होती. इतकी होती, की अर्ध्या तासात मी "जरा येतो" म्हणून उठलो आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बटाटेवडा मागवला. पहिली प्लेट काळजीने खाल्ली. दुसरी सवयीने.

परत येऊन बसलो, तर लसणाच्या चटणीचा वास माझ्याआधी नानापर्यंत पोचला होता. तो एवढंच म्हणाला, "आत अण्णांचं पोट फाडलंय, आणि तू बाहेर पोट भरतोयस?"

ह्याला उत्तर नव्हतं. वाक्य फार चांगलं होतं; आजही मला त्याचा हेवा वाटतो.

तासाभराने रक्त हवंय म्हणून निरोप आला. नाना उठलाच बाही वर सारत. रक्तपेढीतल्या बाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?" नाना अभिमानाने म्हणाला, "काही नाही." बाईंनी त्याला बाजूला बसवलं. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घालून दोन प्लेट वड्यांची कबुली दिली, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या खाण्यावर कोणीतरी "छान!" म्हणालं.

हा प्रसंग मी अनेक मैफलींत विजयाने सांगितला आहे. पण खरं सांगायचं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. मी वडे खाल्ले ते रक्त देता यावं म्हणून नव्हे. मला त्या बाकावर बसवत नव्हतं, म्हणून खाल्ले.

त्या रात्री आधाराला म्हणून मी अण्णांची गीता उघडली. सतराव्या अध्यायात कडू, आंबट, खारट, फार ऊन असे पदार्थ राजस म्हटले आहेत, आणि ते दुःख, शोक नि रोग देतात असा इशारा आहे. माझं म्हणणं एवढंच, की माझ्याकडे शोक आधी येतो आणि वडा मागाहून. सहाव्या अध्यायात मात्र थोडा धीर मिळाला. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं भगवंतांनी स्पष्ट सांगितलं आहे. दोघे भाऊ एकाच श्लोकात नापास!

डॉक्टर मंडळींकडे याचा खुलासा आहे. धक्का बसला की आधी भूक मरते. काळजी लांबली की शरीरात कॉर्टिसोल वाढतं आणि जीव गोडा-तेलकटाकडे ओढ घेतो. म्हणजे नाना पहिल्या पायरीवर थांबला आणि मी दुसरीवर गेलो. पण शरीराची सबब मनाला पुरत नाही.

आणि गाणं? त्यात तर मी पूर्ण निर्दोष आहे. भरतमुनींनी 'नाट्यशास्त्रा'त रस म्हणजे काय हे समजावताना दाखला दिला तो जेवणाचाच. मला जुळवून दिलं ते अण्णांनी. सवाई गंधर्व महोत्सवाला ते आम्हाला न्यायचे. रात्रभर थंडीत शाल गुंडाळून बसायचं, मध्येच मंडपामागे जाऊन वाफाळता चहा आणि वडा, आणि शेवटी पहाटे भीमसेन जोशी. तेव्हापासून माझ्या लेखी तो स्वर आणि तो तळणीचा वास वेगळे निघत नाहीत. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात मी पळून गेलो होतो की अण्णांकडेच गेलो होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

अण्णा त्या दुखण्यातून उठले, पण पुढच्या पावसाळ्यात गेले. घरी चूल नव्हती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणला आणि समोर बसून आम्हाला खायला लावला. "खा रे, रडायलाही बळ लागतं." नानासुद्धा मुकाट्याने जेवला. पण टेपरेकॉर्डरवर मात्र कोणीतरी फडकं टाकून ठेवलं होतं.

तेरा दिवस मी त्या फडक्याकडे पाहत होतो. पोटाला सवलत आणि कानाला का नाही? अन्नावाचून माणूस मरतो, गाण्यावाचून मरत नाही, हे तर झालंच. पण मला वाटतं, खरी मेख दुसरीकडे आहे. पिठलं दुसऱ्याने आणलेलं असतं. दुःखातला दिलासा दुसऱ्याने हातावर ठेवला तर तो प्रसाद, आणि आपला आपण उचलला तर ती चोरी. त्या दिवशी वडा नानाने आणून दिला असता, तर मीही ताठ मानेने खाल्ला असता. आणि मी त्याच्यासाठी एक वडा पुडीत बांधून आणला नाही, ही गोष्ट मला त्याच्या त्या वाक्यापेक्षा जास्त टोचते.

नवव्या रात्री झोप येत नव्हती. स्वयंपाकघरात झाकण वाजलं. गेलो, तर अंधारात नाना. क्रिया करणारा म्हणून एकभुक्त, अंगात धोतर, आणि कोपरापर्यंत हात शेवेच्या डब्यात. माझ्याकडे पाहून तो जागच्या जागी थिजला. मी काही बोललो नाही. ताटली काढली, तिच्यात शेव ओतली आणि त्याच्यापुढे सरकवली.

माजघरातून आईचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"मी. आणि नाना."

थोडा वेळ काही नाही. मग म्हणाली, "सगळी संपवू नका. आणि ते भीमसेनचं लावा जरा. हळू. ह्यांना या वेळेला लागायचं."

नानाने धोतराला हात पुसले आणि फडकं काढलं.