चिरा किती पाणी पितो?

जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला अवघड गणित आणि शास्त्र टाळून पुढे जाता येत असे. ज्याला झेपेल त्याने घ्यावं, हाच रिवाज होता. तो मोडला देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने. 1966 च्या अहवालात पहिली दहा वर्षं विज्ञान-गणित सर्वांना सक्तीचं करा, असं आयोगाने म्हटलं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात खेड्यातलं शिक्षण त्यांनी जवळून पाहिलेलं. त्याला धरून महाराष्ट्रात 1975 साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली.

सक्ती आली, शिकवणं मात्र हुशारांसाठीचंच राहिलं. मागच्या बाकावरच्याला व्याख्या पाठ करायला लावायची, एवढीच सोय. सत्तरच्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगावच्या खिरोद्यात आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांत काम केलं, तेव्हा वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळंच दिसलं. मुलं अनेकदा अडत होती ती विज्ञानापाशी नव्हे, पुस्तकी मराठीपाशी. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत मोलाचा शोध. ‘कच्चं मूल’ ही मुलाची जात नाही, हे त्यातून कळतं.

2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात एक सूचना आली: गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांनाही उत्तीर्ण करावं, मात्र या विषयांकडे पुढे जाता येणार नाही, असा शेरा द्यावा. नापासाचा शिक्का पुसायचा हेतू चांगलाच. पण पंधराव्या वर्षीच दार लावून घेणारी ही दया मला पटत नाही.

सगळ्यांना विज्ञान शिकवण्याची दुसरी वाट कोकणातल्या सावर्ड्यासारख्या गावात पायाखालीच आहे. चिपळूण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलात विहिरी तळ दाखवतात. का? जांभ्याचा एक चिरा आणि काळ्या दगडाचा एक तुकडा वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुन्हा वजन करा. वाचताना अडखळणाऱ्यालाही काट्यावरचा फरक दिसतो. दुसरा शेकडेवारी काढतो. तिसरा विचारतो, मुरलेलं पाणी जातं कुठे? मग सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला, खालच्या चिकणमातीवर अडून बाहेर पडणारे झरे शोधायला निघावं लागतं. ज्याच्या घरचं कुणी चिरेखाणीवर जातं, ते पोर कुठला चिरा मऊ हे हात लावून सांगतं. त्या तासाला गुरुजी त्याचं ऐकतात.

प्रश्न सगळ्यांना एकच. खोली ज्याची त्याची. सोपं पुस्तक एकाला आणि अवघड दुसऱ्याला, अशी वाटणी इथे करावी लागत नाही. वेळ मात्र जातो, आणि चाळीसेक मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाची दमछाक होते, हे खरंच. दहावीला विज्ञानाच्या शंभरातले 20 गुण शाळेच्या हातात असतात. बऱ्याच ठिकाणी ते प्रयोगवही नीट उतरवल्याबद्दल मिळतात. चिऱ्याच्या वजनाला निदान त्यातले पाच द्यायला कुणाची हरकत असावी?